बटण पालथं करून बघा

हे बटण पाहा. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं मोठं, जमिनीत राहून हिरवं पडलेलं. त्यावर पंख पसरलेला गरुड, गरुडाच्या छातीवर ढाल आणि ढालीत ‘आय’ हे रोमन अक्षर. अमेरिकेत जुन्या छावण्यांच्या आसपास मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्याला असं बटण मिळालं, की त्याच्या तोंडून पहिलं वाक्य येतं, ‘यादवी युद्धातलं आहे!’ म्हणजे 1861 ते 1865 च्या, अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या युद्धातलं. असेलही. पण गरुड पाहून एवढं ठरवता येत नाही.

‘आय’ म्हणजे इन्फंट्री, पायदळ. ‘ए’ तोफखान्याचं, ‘सी’ घोडदळाचं, ‘डी’ ड्रॅगून, म्हणजे घोड्यावरून जाणाऱ्या सैनिकांच्या पथकांचं. सुरुवातीला साध्या शिपायांच्या बटणांवरही अशी अक्षरं असत. 1854 च्या सुमारास ती शिपायांकडून गेली, अधिकाऱ्यांकडे राहिली. ड्रॅगून पथकांना 1861 मध्ये घोडदळाचं नाव मिळालं आणि ‘डी’ची गरजच संपली. म्हणजे माझ्या हातातलं हे बटण युद्धातल्या किंवा त्याच्या आगेमागच्या एखाद्या अधिकाऱ्याचं असेल, नाहीतर त्याआधीच्या एखाद्या साध्या शिपायाचं. पुढची बाजू आपल्याला इथवर आणून सोडते.

आता ते पालथं करू. मागे कडी आहे आणि कडीभोवती गोलाकार बारीक अक्षरं. दिव्याचा उजेड तिरपा पाडला की ती उठून दिसतात. पुष्कळ बटणांवर इथं ‘एक्स्ट्रा क्वालिटी’ किंवा ‘ट्रेबल गिल्ट’ एवढंच असतं. नवखे लोक ते कारखान्याचं नाव समजून दिवसच्या दिवस शोधत बसतात. ती फक्त मालाची प्रतवारी आहे. नाव असेल तर मात्र हाती घबाड लागलं म्हणा. कनेक्टिकटमधल्या वॉटरबरीचे स्कोव्हिल घ्या. 1840 ते 1850 या काळात त्यांच्या बटणांवर ‘स्कोव्हिल्स अँड कंपनी’ असे, 1850 पासून ‘स्कोव्हिल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’. कारखाना तोच, पण नाव बदललं आणि आपल्याला तारीख मिळाली. इथं एक सावधगिरी बाळगा. हे दुसरं नाव पुढे कितीतरी वर्षं चाललं. त्यामुळे ते ‘1850 च्या आधीचं नाही’ एवढंच सांगतं. ‘त्यानंतर किती’ हे दुसरीकडून काढावं लागतं.

नावच नसेल तर घडण बघायची. सपाट, एका तुकड्याचं बटण साधारणपणे जुनं. दोन पत्रे कडेनं दुमडून एकात एक बसवलेलं फुगीर बटण एकोणिसाव्या शतकातलं किंवा त्यानंतरचं. अठराव्या शतकातली टोम्बॅकची बटणं, म्हणजे तांबं आणि जस्ताच्या मिश्रणाची, जमिनीतून राखाडी, गुळगुळीत, जवळजवळ नव्यासारखी निघतात. फारशी गंजलेली नाहीत म्हणून अलीकडची समजून कित्येकांनी ती फेकून दिली आहेत. याचं मला फार वाईट वाटतं.

ब्रिटिश सैन्याची बटणं तर आकड्यांतून बोलतात. 1767 च्या हुकुमानं पलटणीचा क्रमांक बटणावर आला. शिपायांच्या बटणांवरून तो 1871 मध्ये गेला, अधिकाऱ्यांच्या 1881 मध्ये. शिपायांची बटणं 1855 पर्यंत कथलाच्या मिश्रधातूची होती, मग पितळेची झाली. म्हणून क्रमांक असलेलं शिपायाचं पितळी बटण मिळालं, तर ते त्या मधल्या सोळा वर्षांतलं. एवढ्या छोट्या वस्तूतून इतका नेमका काळ निघतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

आणि कृपा करून घासू नका. सुरुवातीच्या दिवसांत मी एक बटण चकाकावं म्हणून ब्रशनं घासलं. मळ निघाला, त्याच्याबरोबर मुलामाही गेला. 1796 च्या इंग्लिश कायद्यानं एक इंच व्यासाच्या 144 बटणांना निदान पाच ग्रेन सोनं लावायला सांगितलं होतं. म्हणजे सगळ्या 144 मिळून ग्रॅमचा जेमतेम तिसरा हिस्सा. असा थर माझ्या ब्रशपुढे किती टिकणार? साधं पाणी आणि मऊ बोट, यापलीकडे जाऊ नका.

बक्कलांचंही तसंच. ‘यूएस’ अक्षरांचा लंबगोल पितळी ठसा मिळाला की सगळे त्याला पट्ट्याचं बक्कल म्हणतात. मागे शिसं भरलेलं असतं. त्या शिशात आकडे किंवा खुंट रोवलेले असतील तर ते पट्ट्याचं. तारेच्या दोन कड्या असतील तर ते बक्कल नव्हेच. काडतुसांच्या चामडी पेटीच्या झाकणावर बसवायची ती पट्टी. पुढून दोन्ही सारखी. बक्कलाची फुटकी चौकट मिळाली तर ती टेबलावर ठेवून पाहा. पावलाच्या उंचवट्यावर बसावी तशी कमानदार असेल तर बहुधा बुटाची, अठराव्या शतकातली. त्या शतकाच्या अखेरीला बुटांना नाड्या आल्या आणि इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे बक्कलवाले इतके अडचणीत आले की 1791 मध्ये त्यांनी प्रिन्स ऑफ वेल्सकडे, म्हणजे युवराजाकडे गाऱ्हाणं घातलं. सापाच्या आकाराच्या आकड्याचं बक्कल मिळालं तर घाईनं सैनिकाचं म्हणू नका. इंग्लंडमधून अशी बक्कलं यादवी युद्धात दक्षिणेच्या फौजांकडे आली हे खरं, पण इंग्लंडमधली शाळकरी मुलंही तसेच पट्टे बांधत.

हे सगळं वाचायचं तर वस्तू कुठून निघाली हे ठाऊक हवं. जमीनमालकाची परवानगी आधी घ्या. अमेरिकेत संघीय सरकारच्या जमिनीवरचे शंभर वर्षांहून जुने पुरावशेष परवान्याशिवाय उकरणं 1979 च्या कायद्यानं गुन्हा आहे. परवानगीच्या जागेतही वस्तू उचलण्याआधी खोली आणि ठिकाण लिहून ठेवा. एकाच हातभर जागेत तीन सारखी बटणं आणि एक बक्कल निघालं, तर तिथं कदाचित एखादा कोट कुजला असेल. तीच चार वेगवेगळ्या डब्यांत गेली, तर तो कोट आपल्याला कधीच दिसणार नाही.

आता ज्यांनी आपापली बटणं आणली आहेत त्यांनी पुढे यावं आणि ती या टेबलावर पालथी ठेवावीत.