बदकतोंडी टपालगाडी

[दृश्य: अथेन्स, जॉर्जिया राज्य, अमेरिका. सकाळ. पोस्टाच्या आवारात पांढऱ्या गाड्यांची रांग.]

आधी ही जुनी गाडी नीट बघून घ्या. चौकोनी डबा, बुटकं नाक, सरकतं दार. आणि स्टिअरिंग उजवीकडे, आपल्याकडच्यासारखं. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात आणि घरांच्या पत्रपेट्याही त्याच कडेला खांबांवर असतात. पोस्टमनला न उतरता, बसल्या जागेवरून हात बाहेर काढून पत्र टाकता यावं, म्हणून देशातल्या बाकी गाड्यांच्या उलट हिची मांडणी.

हिचं नाव 'लाँग लाइफ व्हेईकल'. दीर्घायुषी गाडी म्हणा! बनवली ग्रुमनने. अपोलो मोहिमेत माणसांना चंद्रावर उतरवणारं यान ज्या कंपनीने बांधलं, तीच ही. 1987 ते 1994 या काळात अशा लाखावर गाड्या तयार झाल्या. अंग ॲल्युमिनियमचं, त्यामुळे गंजायचा प्रश्न नाही. आयुष्य धरलं होतं 24 वर्षं. म्हणजे शेवटच्या तुकडीतली गाडीसुद्धा 2018पर्यंत निवृत्त व्हायला हवी होती.

[दृश्य: केबिन. डॅशबोर्डवरचा छोटा पंखा. पाच सेकंद नुसता पंख्याचा आवाज.]

एसी नाही. एअरबॅग नाही. पंखा आहे.

[दृश्य: वस्तीतली गल्ली. गाडी थांबते, निघते, थांबते. कट न करता सलग.]

एका फेरीत असे शेकडो थांबे. इंजिन मात्र सतत घरघरत असतं. पोस्टाच्याच हिशोबाने ही गाडी एका गॅलनमध्ये साधारण 8.2 मैल जाते. आपल्या भाषेत, लिटरला साडेतीन किलोमीटर. आपली लालपरी प्रवाशांनी खच्चून भरली तरी यापेक्षा बरं ॲव्हरेज देते.

मग बदलल्या का नाहीत? खिशात पैसे नाहीत म्हणून. यूएस पोस्टल सर्व्हिस रोजचा कारभार तिकिटांच्या आणि पार्सलांच्या कमाईवर चालवते, करदात्यांच्या पैशावर नाही. 2001मध्ये तिने शंभर अब्जांहून जास्त फर्स्ट क्लास पत्रं वाटली. आता निम्मीही उरलेली नाहीत. घरं मात्र वाढताहेत, आणि प्रत्येक घरी आठवड्यातून सहा दिवस जायचंच आहे. त्यात 2006च्या कायद्याने कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीनंतरच्या आरोग्यखर्चाची तरतूद आगाऊ करायला लावली, वर्षाला सुमारे साडेपाच अब्ज डॉलर. ही अट 2022मध्ये रद्द झाली, तरी 2024च्या आर्थिक वर्षातला तोटा साडेनऊ अब्ज. नवी गाडी परवडत नाही म्हणून जुनी वापरायची, आणि जुनीच्या पेट्रोलात आणि दुरुस्तीत नवीचे पैसे घालवायचे. काही गाड्यांनी तर रस्त्यातच पेट घेतला.

[दृश्य: जुनं कृष्णधवल छायाचित्र. बफेलो, न्यूयॉर्क.]

इथे जरा मागे जाऊ. जुलै 1899. घोडागाडीने पत्रं गोळा करायचे दिवस. बफेलो शहरात पोस्टाने एक मोटार चालवून पाहिली. चाळीस पेट्यांतली पत्रं तिने दीड तासात गोळा केली. घोड्याला लागायचा त्याच्या निम्माही वेळ लागला नाही. आणि ती मोटार पेट्रोलची नव्हती, विजेची होती. म्हणजे अमेरिकन पोस्टाला विजेची गाडी काही नवीन नाही. सव्वाशे वर्षं मध्ये गेली, एवढंच.

[दृश्य: नवी गाडी समोरून. उंच काच, खाली चपटं बॉनेट.]

आणि ही नवी. पहिलं चित्र प्रसिद्ध झालं तेव्हा लोक हसले. म्हणाले, बदक आहे. काच एवढी उंच आणि नाक एवढं खाली, कारण गाडीपुढून पळणारं लहान मूल ड्रायव्हरला दिसलं पाहिजे. फेब्रुवारी 2021मध्ये कंत्राट मिळालं ओशकोश डिफेन्सला. ही कंपनी लष्करी ट्रक बनवते.

सुरुवातीचा बेत ऐका: विजेच्या गाड्या शेकडा दहा, बाकी पेट्रोलच्या. पेट्रोलच्या गाडीचं ॲव्हरेज, एसी लावला तर, गॅलनला 8.6 मैल. तीस वर्षांनी 0.4 मैलांची प्रगती! शिवाय माल भरून तिचं कमाल वजन धरलं होतं 8,501 पौंड. हलक्या वाहनांचे प्रदूषणाचे कडक नियम 8,500 पौंडांपर्यंत लागतात. तो एक पौंड कुठून आला, हे ज्याने त्याने ठरवावं.

पर्यावरण खात्याने आक्षेप घेतला, राज्यं कोर्टात गेली. 2022च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, सुमारे तीन अब्ज डॉलर दिले, आणि डिसेंबरमध्ये पोस्टाने नवा आकडा जाहीर केला: 2028पर्यंत 1,06,000 गाड्या, त्यातल्या 66,000 विजेच्या.

[दृश्य: नव्या गाडीच्या आत. पोस्टमन ताठ उभी राहून पार्सलं लावते आहे.]

ताठ उभी. जुन्या गाडीत हे शक्य नव्हतं. एसी आहे, चहूबाजूंना कॅमेरे आहेत. पोस्टाने विजेच्या गाडीचा पल्ला धरला 70 मैल, आणि बहुतेक फेऱ्या त्याच्या निम्म्यातही संपतात. थांबे ठरलेले, रस्ता ठरलेला, रात्री मुक्कामाची जागा ठरलेली. प्रत्येक ब्रेकला थोडी वीज बॅटरीत परत जाते. याहून विजेला सोयीचं काम कुठलं असेल?

गाड्या मात्र सावकाश येताहेत. नोव्हेंबर 2024पर्यंत ओशकोशच्या जेमतेम 93 हाती आल्या होत्या. रस्त्यावर दिसणाऱ्या विजेच्या टपालगाड्या बहुतेक फोर्डच्या. 2025च्या जूनमध्ये तर विजेच्या गाड्या विकून टाकाव्यात असा प्रस्ताव सिनेटमध्ये आला. दीड अब्जाचा फटका बसेल, असं पोस्टाने कळवलं; प्रस्ताव नियमांत बसला नाही. चार्जिंगसाठी गाड्या मोठ्या केंद्रांत एकत्र आणल्यामुळे काही छोट्या ऑफिसांतल्या पोस्टमनना आता लांबून निघावं लागतं, हेही आहेच.

[दृश्य: संध्याकाळ. तेच आवार. चार्जरची वायर गाडीला लागते, हिरवा दिवा.]

रात्रभर आता ही इथेच.

[दृश्य: शेजारच्या जागेवर जुनी गाडी येऊन थांबते. इंजिन बंद होतं. पंखा अजून फिरतोय. पडदा काळा.]