लाइन गेली की पुस्तक सुरू

[दृश्य : पिठाची गिरणी. पट्टा फिरतोय. एकदम मंदावतो, थांबतो.]

लाइन गेली. चांदूरबाजार तालुक्यातल्या या गावात त्याचं कुणाला नवल नाही. ज्वारीचे डबे रांगेत ठेवून बाया घरी निघतात. गिरणीवाला भाऊ हात झटकतो, खिशातून मोबाईल काढतो आणि पोत्याला टेकून बसतो.

[आवाज : मोबाईलमधून भरधाव, यांत्रिक मराठी.]

काही कळलं? पहिल्या दिवशी मलाही कळलं नव्हतं. हे मराठी पुस्तक आहे आणि ऐकणाऱ्याला शब्दन् शब्द समजतोय. वेग कमी करा म्हटलं, तर भाऊ म्हणाले, "हयू वाचलं का झोप येते मले."

भाऊंना जन्मापासून दिसत नाही. पीठ जाडं पडतंय की बारीक, ते दोन बोटांत चोळून सांगतात. अंध विद्यालयात ब्रेल शिकले, पण गावात आल्यावर ब्रेल पुस्तक आणणार कुठून? साधी कादंबरी ब्रेलमध्ये केली की तिचे जाडजूड तीन-चार खंड होतात.

आता हा फोन. त्यात दोन गोष्टी काम करतात. पडद्यावर बोट ठेवाल तिथं काय आहे, ते टॉकबॅक बोलून सांगतं. दोनदा टिचकी मारली की ते उघडतं. पुढं वाचनाचं ॲप पुस्तक सलग वाचत जातं. त्याला आवाज दिलाय ईस्पीकनं, म्हणजे मजकुराचं बोलणं करणाऱ्या प्रोग्रॅमनं. हा आवाज कुणा माणसाचा ध्वनिमुद्रित केलेला नाही, गणितानं घडवलेला आहे. म्हणून तो पत्र्यासारखा वाजतो. पण फोनमध्ये जागा थोडी खातो, वेग वाढवला तरी फाटत नाही, आणि त्याला नेट लागत नाही. लाइन गेली की इथं रेंजही जाते, तेव्हा हे शेवटचं महत्त्वाचं.

[दृश्य : माधानचा रस्ता, दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा.]

याच तालुक्यातलं माधान हे प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराजांचं गाव. जन्म 1881 चा. तान्हेपणीच दृष्टी गेली. आयुष्य उणंपुरं चौतीस वर्षांचं, आणि त्यात शंभरावर ग्रंथ. महाराज दुसऱ्यांकडून वाचून घेत आणि सांगून लिहवून घेत. भाऊंचं यावर एक म्हणणं आहे.

"महाराजाले वाचून देनारे भक्त होते. मले कोन वाचून देईन? मायले वाचता येत नाई. बायको वावरातून येते तं थकून रायते."

[दृश्य : मोबाईलवर उघडलेली पीडीएफ. आवाज : "जी, डॉलर, कंस, के…"]

हे आणखी एक मराठी पुस्तक. डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतं, ऐकायला मात्र हा कचरा. कारण ते जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंय. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे नुसते आकार बसवलेले असतात. पडद्यावर 'गाव' उमटतं, आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. यंत्र बिचारं आत जे आहे ते इमानानं वाचतं. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला संगणकात स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. तिच्या 1991 च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली होती. इतक्या वर्षांनंतरही आपल्याकडे जुने फॉन्ट सुटत नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

स्कॅन केलेल्या पुस्तकांची गत वेगळी. तिथं अक्षरंच नाहीत, पानाचा फोटो आहे. ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम, लावून त्यातून अक्षरं काढता येतात. पण जुन्या छपाईत 'घ' आणि 'ध' एकमेकांना खो देतात. परवा एका कथेत शेतकऱ्याचं 'धर' जळालं. भाऊ क्षणभर थबकले, मग मनातल्या मनात दुरुस्त करून पुढं गेले.

काही चुकांवर तर इलाजच नाही. मराठीत 'ज' दोन तऱ्हांनी उच्चारतात, लिहितात एकसारखाच. 'जरा सरक' मधलं जरा आणि म्हातारपण या अर्थाची जरा, यंत्र दोन्हीला एकच उच्चार लावतं. "फोन 'जरा सरक' म्हनते, तवा मले वाटते म्हातारपन सरकून रायलं."

कॉपीराइटचा कायदा आता आडवा येत नाही. 2012 च्या दुरुस्तीनंतर दृष्टिहीनांसाठी, नफा न कमावता, पुस्तकाचं रूप बदलायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. अशा पुस्तकांसाठीचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार मंजूर करणारा पहिला देशही भारतच, 2014 साली. 2016 पासून सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन लायब्ररी आहे. भाऊंना तिथं आणखी मराठी पुस्तकं हवी आहेत, विशेषतः आपल्याकडच्या लेखकांची. आधी ती कुणीतरी नीट टाइप करायला हवीत ना.

[आवाज : मोटरची घरघर. पट्टा फिरू लागतो.]

लाइन आली. भाऊ इअरफोनचं बटन दाबतात. वाक्य अर्धंच राहतं, ॲप ती जागा लक्षात ठेवतं. फोन पिठाच्या हातानंच खिशात जातो.

"भाऊ, माहा डब्बा पयले घ्या!"

"रांगेत ठेव माय. कोनाचा डब्बा कुठं हाय, मले समजते."