काजूची निवड: १७०० नॅनोमीटरपर्यंतची नजर

[दृश्य: पट्टा वरून. पडद्याचे दोन भाग: डावीकडे साधं चित्रण, उजवीकडे काजू निवडणाऱ्या यंत्राचा पडदा.]

डावीकडे आहे ते आपल्या डोळ्यांना दिसतं तसंच. सरकत्या पट्ट्यावर काजूगर, मधेच साल चिकटलेला एखादा, मधेच टरफलाची कपची. साल तपकिरी, टरफलही तपकिरी. आता उजवीकडे बघा. गर हिरवे, साल निळी, आणि ती नखाएवढी कपची लालभडक. हे रंग काजूचे नाहीत. कॅमेऱ्याला जे कळलं ते माणसाला कळावं, म्हणून संगणकाने भरलेले आहेत.

[दृश्य: वेंगुर्ले तालुका. काजूच्या बागा, झाडाखाली पडलेले बोंडू, बी पिरगाळून काढणारे हात.]

काजू पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ब्राझीलहून या किनाऱ्यावर आला आणि इथल्या जांभ्या कातळावर असा रुजला, की तो परका होता हे सांगावं लागतं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने त्याच्या जाती काढल्या. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही नावं इथल्या कुठल्याही बागायतदाराच्या तोंडी आहेत.

[दृश्य: कारखाना. वाफेचं भांडं उघडतं. मग कटिंगचं टेबल.]

बी आधी वाफवायची, थंड होऊ द्यायची, मग पात्यावर धरून फोडायची. टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं, म्हणून बायका हाताला राख किंवा खाद्यतेल चोळून बसतात. तरी बोटं काळी पडतातच. निघालेला गर ड्रायरमध्ये सुकवायचा, वरची पातळ साल सोलायची, आणि शेवटी निवड. अख्खा, पाकळी, तुकडा, कणी. पांढरा, डागी, किडका. अख्ख्या गरांतही आकाराच्या प्रती. डब्ल्यू-२४० म्हणजे एका पौंडात २२० ते २४० गर, डब्ल्यू-३२० म्हणजे ३०० ते ३२०.

[दृश्य: अगदी जवळून. एक हात, एक गर. निवड करणाऱ्या काकींचा मूळ आवाज तसाच ठेवावा.]

हा हात नीट पाहा. गर उचलला, अंगठ्याने उलटा केला, आणि नखाचं टोक गराच्या बाकदार वळणाच्या आतल्या बाजूने फिरवलं. साल राहते ती तिथेच, आतल्या खोलगटात. वरून पाहणाऱ्याला ती जागा दिसत नाही. मग पाकळ्यांच्या जोडावर हलका दाब: फट पडली तर आत कीड आहे का ते कळतं. हे सगळं होईतो दुसरा गर डाव्या हातात आलेला असतो. असं कसब कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. आईच्या शेजारी बसून ते येतं.

[दृश्य: यंत्राचं झाकण उघडलेलं. हॅलोजनचे दिवे, खाली पट्टा, वर कॅमेरा.]

आता कॅमेरा. साध्या रंगीत कॅमेऱ्याच्या सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन गाळण्यांची जाळी बसवलेली असते. ती मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांची, पेटंट १९७६चं. तीन आकड्यांत रंग सांगता येतो. पण तपकिरी साल आणि तपकिरी टरफल यांचे हे तीन आकडे एकमेकांच्या इतके जवळ येतात, की रंगावरून माल वेगळा करणारं साधं यंत्र, कलर सॉर्टर, तिथेच गडबडतं.

प्रकाशाची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागात मोजतात. आपल्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा प्रकाश दिसतो. सिलिकॉनचा सेन्सर १००० च्या थोडा पुढे जाऊन थांबतो. काजू कशाचा बनलाय हे सांगणाऱ्या ठळक खुणा त्याच्याही पलीकडे आहेत. गरातली चरबी १२०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते, ओलावा १४५० च्या आसपास. कुठला प्रकाश किती शोषला याचा टरफलाचा आलेख वेगळा, खड्याचा वेगळा, गोणीतून आलेल्या प्लास्टिकच्या धाग्याचाही वेगळा. हे टिपायला इंडियम, गॅलियम आणि आर्सेनिक यांच्या संयुगाचा सेन्सर लागतो. त्याची नजर साधारण ९०० ते १७०० नॅनोमीटर.

हा सेन्सर महाग का, ते सांगायलाच हवं, कारण किंमत ऐकून लहान कारखानदार मागे फिरतो. प्रकाश पकडणारा थर एका पदार्थावर वाढवायचा, त्याची वीज मोजणारं सर्किट सिलिकॉनवर करायचं, आणि मग दोन्ही एकमेकांवर ठेवून प्रत्येक पिक्सेल इंडियमच्या थेंबाने जोडायचा. असे लाखो जोड, आणि बिघडलेल्या प्रत्येक जोडाला एक मेलेला पिक्सेल. २०२० साली सोनीने हा जोड तांब्याला तांबं भिडवून केला. पिक्सेल ५ मायक्रॉनवर, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागावर आला, आणि तोच सेन्सर ४०० पासून १७०० पर्यंत सगळं पाहू लागला.

[दृश्य: आकृती. फट, लोलक, सेन्सर. मग पुन्हा पट्टा, सावकाश गतीत.]

मला या यंत्रातला सगळ्यात देखणा भाग हा वाटतो. कॅमेरा अख्खं चित्र घेतच नाही. भिंगामागे एक अरुंद फट असते. तिच्यातून पट्ट्याची एकच आडवी ओळ आत येते, आणि पुढचा लोलक त्या ओळीतल्या प्रत्येक ठिपक्याचा प्रकाश उलगडून सेन्सरवर पसरवतो. सेन्सरची एक बाजू सांगते ठिपका कुठे आहे, दुसरी सांगते त्यात कोणकोणता प्रकाश किती आहे. पुढची ओळ आणून देतो तो पट्टा. पट्टा सेकंदाला अर्धा मीटर सरकत असेल आणि दर मिलिमीटरला एक ओळ हवी असेल, तर सेकंदाला ५०० ओळी. रुंदीत ६४० ठिपके, प्रत्येक ठिपक्याचे २०० आकडे धरले तर सेकंदाला ६ कोटी ४० लाख आकडे होतात. त्यातून निर्णय निघतो आणि पट्ट्याच्या टोकाला हवेचा झोत नेमक्या त्या कपचीला उडवतो.

[दृश्य: हवेचा झोत, सावकाश. दोनदा दाखवावा.]

ही विद्या आधी आकाशातून जमीन पाहण्यासाठी वाढली. इस्रोने २९ नोव्हेंबर २०१८ रोजी सोडलेला हायसिस उपग्रह याच जातीच्या कॅमेऱ्याने जमीन, पिकं आणि खनिजं पाहण्यासाठी होता. काजूच्या पट्ट्यावर दोनशे आकडे रोज लागत नाहीत. प्रकाशाचे कुठले चार-पाच पट्टे कामाचे ते एकदा ठरलं, की तेवढ्याच गाळण्या थेट पिक्सेलवर चढवलेला लहान सेन्सर पुरतो. बेल्जियममधल्या आयमेक या संस्थेने अशा गाळण्या चिपवरच घडवून दाखवल्या आहेत. कोकणातल्या छोट्या कारखान्याची आशा मला त्या वाटेने दिसते.

[दृश्य: पांढरी पट्टी कॅमेऱ्याखाली ठेवणारा ऑपरेटर.]

पाळी सुरू होताना ही पांढरी पट्टी दाखवतात, मग भिंग झाकून काळोख दाखवतात. दिवे जुने होतात, काचेवर सालीची पूड बसते. त्याची वजाबाकी अशी होते. सेन्सर तापला की काळोखातही खोटे आकडे देतो, म्हणून तो थंड ठेवावा लागतो. आणि आपल्या दमट हवेत थंड काचेवर दव धरतं, म्हणून त्याला बंद पेटी.

[दृश्य: पाच ताटं. दोन काकी गर वेगळे करताहेत. एका गरावरून बोलणं चाललंय. मूळ आवाज.]

पण कॅमेऱ्याला मिळतो फक्त आलेख. कुठला आलेख म्हणजे चांगला गर, हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. ते इथे घडतंय. एका ताटात निर्मळ पांढरे, दुसऱ्यात डागी, तिसऱ्यात साल राहिलेले, चौथ्यात किडके, पाचव्यात टरफल आणि कचरा. ताटं कॅमेऱ्याखालून जातात, ऑपरेटर पडद्यावर खुणा करतो, संगणक त्या खुणांवरून शिकतो. या गरावर दोघींचं एकमत नाही. एक म्हणते डागी, दुसरी म्हणते नुसता पिवळसर. तो कुठल्या ताटात पडतो, त्यावर पुढे हजारो गरांची प्रत ठरणार आहे. यंत्राच्या माहितीपत्रकात या कामाची एक ओळही नाही. माझ्या मते यंत्राचं निम्मं डोकं या ताटांत आहे.

[दृश्य: टेबल. रिकामे स्टूल.]

यंत्र आल्यापासून टेबलाशी पूर्वीइतके हात लागत नाहीत. काहीजणी पॅकिंगला गेल्या, काही घरी बसल्या.

[दृश्य: गोदाम. आफ्रिकेतून आलेल्या बियांच्या गोण्या.]

इथली बी वर्षभर पुरत नाही. हंगाम सरला की आयवरी कोस्ट, बेनिन, टांझानिया इथली बी येते. तिचा गर वेगळा, सालीचा रंग वेगळा, ओलावाही वेगळा. वेंगुर्ल्याच्या बीवर शिकलेलं यंत्र तिथे चुकू लागतं आणि ताटं पुन्हा लावावी लागतात. म्हणजे ही शिकवणी दरवर्षी होणार. आज तिची नोंद साध्या निवडीच्या कामात होते, किलोवर. ताटं लावताना किलो भरत नाहीत, कारण एकेका गरावर थांबावं लागतं. त्या दिवसांची मजुरी तासावर धरावी आणि हजेरीच्या वहीत या कामाचा वेगळा रकाना असावा, असं या काकींचं मागणं आहे. आम्ही ते कॅमेऱ्यासमोर मालकांपुढे ठेवलं.

[दृश्य: मालकांचं उत्तर, मूळ आवाज, न कापता.]