आवाज जंगलातला नव्हता

समोर दिसणारे हे ओलसर, बुरशी चढलेले गठ्ठे ग्वाटेमालाच्या राष्ट्रीय पोलिसांचे दप्तर आहे. असे काही आपल्याकडे नाहीच, असे सरकार वर्षानुवर्षे सांगत आले. 2005 मध्ये राजधानीतील पोलिसांच्याच एका आवारात ते योगायोगाने हाती लागले. तोंडाला मास्क लावलेली ही मुलगी ज्या कार्डावरची धूळ मऊ ब्रशने झाडते आहे, त्यावर एका माणसाचे नाव आणि फोटो आहे.

अशा नोंदींचा माग काढायचा तर 1954 पर्यंत मागे जावे लागते. लोकांनी निवडून दिलेले अध्यक्ष हाकोबो आर्बेन्झ यांनी 1952 च्या कायद्याने मोठ्या मालकांच्या पडीक जमिनी भूमिहीनांना वाटायला घेतल्या होत्या. युनायटेड फ्रूट या अमेरिकी केळी कंपनीला त्यांनी भरपाई देऊ केली ती तिनेच कर वाचवण्यासाठी कागदोपत्री दाखवलेल्या किमतीने, आणि हे कंपनीला मुळीच मानवले नाही.

आर्बेन्झ यांना पाडण्यासाठी अमेरिकेची गुप्तचर संस्था सीआयएने कर्नल कास्तियो आर्मास यांच्या हाताखाली जमवलेली माणसे जेमतेम पाचशेच्या घरात होती, त्यामुळे खरी भिस्त होती रेडिओवर. 1 मे 1954 रोजी सुरू झालेले ‘मुक्तीचा आवाज’ हे केंद्र आपण ग्वाटेमालाच्याच जंगलातून बोलत असल्याचे भासवत असे. प्रत्यक्षात कार्यक्रम मायामीत ध्वनिमुद्रित होत आणि निकाराग्वातून प्रक्षेपित केले जात. 18 जूनला या माणसांनी सीमा ओलांडली, तेव्हा केंद्राने अस्तित्वातच नसलेल्या पलटणी राजधानीकडे कूच करत असल्याच्या बातम्या दिल्या. लष्करी अधिकाऱ्यांना बंडखोरांपेक्षा त्यांच्या पाठीशी असलेल्या अमेरिकेची धास्ती होती. ते लढेनात, आणि 27 जूनला आर्बेन्झ यांनी राजीनामा दिला. देश सोडताना विमानतळावर त्यांना कपडे उतरवायला लावून छायाचित्रे काढण्यात आली. ती आम्ही येथे मुद्दाम वापरलेली नाहीत.

नव्या राजवटीत वाटलेल्या जमिनी परत गेल्या, निरक्षरांचा मताधिकार गेला, आणि वर्ष सरण्याआधी संशयितांच्या यादीत सुमारे 70 हजार नावे चढली. 1960 ते 1996 या काळातील यादवीत अंदाजे 2 लाख माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली; त्यांत बहुसंख्य माया आदिवासी होते. ग्वाटेमाला सरकारने आर्बेन्झ कुटुंबाची माफी मागितली ती 2011 मध्ये.

दप्तर सुमारे 8 कोटी पानांचे आहे. मुलीने आता दुसरे कार्ड हातात घेतले आहे.