रंग कमी पडला तेव्हा दिवे लावले

श्रोतेहो, नमस्कार. लढाऊ विमान लपवायचं म्हटलं की आपल्याला हिरवे-तपकिरी पट्टे आठवतात. ते पट्टे वरून बघणाऱ्यासाठी. खालून बघणाऱ्याला विमानामागं आकाश दिसतं आणि तिथं सगळा हिशेब उलटतो.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी रात्रीच्या विमानांना काजळीसारखा खरखरीत काळा रंग दिला. खरखरीत अंगाला हवेचा अडथळा जास्त, म्हणून वेग घटला. आणि रात्रीचं आकाश काळंकुट्ट नसतंच, त्यापुढं काळं विमान उठून दिसायचं. 1942 मध्ये राखाडी-हिरव्यावर आले. अंधारासाठी काळा नव्हे, राखाडी. आपल्या उद्यमनगरातला पेंटरही सांगेल, शेडइतकंच फिनिशला महत्त्व.

आता खरी गंमत ऐका. जर्मन पाणबुडी समुद्रावर तरंगत असायची. विमान दिसलं की साधारण 30 सेकंदांत बुडी. ब्रिटिशांनी 1941 पासून पाणबुड्या शोधणाऱ्या विमानांची पोटं पांढरी केली. फायदा झाला, पण पुरता नाही. विमानाचा समोरचा भाग सावलीत, मागं लख्ख आकाश. रंग पडलेला उजेड परत फेकतो, स्वतःचा उजेड देत नाही. कितीही पांढरा लावा, ठिपका काळाच!

अमेरिकी नौदलानं 1943 मध्ये विमानाला चक्क दिवे लावले. प्रकल्पाचं नाव येहुदी. अॅव्हेंजर विमानाच्या पंखांच्या पुढच्या कडेला आणि इंजिनाच्या तोंडाभोवती समोर रोखलेले दिवे, आकाशाच्या उजेडाप्रमाणं कमी-जास्त होणारे. जास्त झाले तर विमान ताऱ्यासारखं चमकणार, कमी पडले तर पुन्हा काळा ठिपका. पंखभर दिवे लागत नाहीत, कारण तीन किलोमीटरवरून एक मीटरच्या आतले दोन ठिपके डोळ्याला एकच दिसतात. झोत अरुंद ठेवला की वीजही थोडी लागते. मात्र वैमानिकानं नाक थेट पाणबुडीवर धरायचं. जरा वळला की झोत भलतीकडं.

पन्हाळ्याच्या घाटात समोरून अप्पर मारत गाडी आली तर दिवे दिसतात, गाडी दिसत नाही. (अप्पर मारणाऱ्यांचं आणि बुलेटला पांढरे एलईडी ठोकणाऱ्यांचं लायसन्स जप्त केलं पाहिजे, हे माझं ठाम मत.) इथं तर दिवेही दिसू द्यायचे नव्हते.

चाचणीत साधं विमान 12 मैलांवरून दिसलं, म्हणजे सुमारे 19 किलोमीटर. कोल्हापूर ते पन्हाळा जवळपास तेवढंच. दिवे लावलेलं विमान दिसलं 3000 यार्डांवर, म्हणजे पावणेतीन किलोमीटरवर. पुन्हा सांगतो: 19 चे पावणेतीन. ताशी 400 किलोमीटर वेग धरा. 19 किलोमीटरला जवळपास तीन मिनिटं, पावणेतीनला जेमतेम 25 सेकंद. बुडीला लागतात 30!

एवढं करून हे दिवे लढाईत गेलेच नाहीत. तोवर रडार सुधारलं होतं.

वेळ संपत आली, एकच सांगतो. 1970 च्या दशकात अमेरिकी चित्रकार कीथ फेरिस यांनी लढाऊ विमानाच्या पोटावर खोटी कॉकपिट रंगवायची कल्पना पुढं आणली. जवळच्या झुंजीत वैमानिक समोरच्याच्या कॉकपिटवरून तो कुठं वळणार हे ताडतो. पोट आणि पाठ यांत क्षणभर गोंधळ झाला तरी डाव फिरतो. कॅनडाच्या सीएफ-18 विमानांच्या नाकाखाली हा गडद राखाडी आकार दिसतो. फक्त तो खऱ्या कॉकपिटच्या बरोबर खाली आणि तेवढाच हवा. नमस्कार.