भाकर, आणि

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझी नात संडे स्कूलचा पाठ घेऊन माझ्यापाशी बसली. वय वर्षं सात. येत्या रविवारी मुलांनी देवळात प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूनं शिकवलेली प्रार्थना, तोंडपाठ म्हणायची होती. आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. तर पोर घडाघडा म्हणत होती. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ ही ओळ तर तिनं मोठ्या आनंदानं म्हटली, कारण भाकरी तिला आवडते. पुढच्या ओळीला मात्र गाडी अडली. ‘आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’

तिनं विचारलं, “आजी, हा ऋण्यांस कोण आहे?”

तिला ते कुणाचं तरी नाव वाटलं होतं. मी म्हटलं, “ज्यानं आपल्याकडून काही घेतलं आणि परत केलं नाही, तो.”

“मग त्याला काय करायचं?”

“सोडून द्यायचं.”

“कसं?”

त्या ‘कसं’चं उत्तर मला तिला दोन वाक्यांत देता आलं नाही. ती खेळायला पळाली आणि मी तिथंच बसून राहिले. आज तुमच्याशी बोलायला मिळतंय, तर ते उत्तर तुम्हालाच सांगते.

माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं, आणि त्या भागातल्या खेड्यापाड्यांत ख्रिस्ती घरं आहेत ती पिढ्यान्‌पिढ्यांची. आमचं घर त्यांतलंच एक. थोडी कोरडवाहू जमीन, एक विहीर, एक बैलजोडी. रोज रात्री जेवणाआधी कंदिलाभोवती बसून प्रार्थना. आजी सुरुवात करायची, एखादं गीत व्हायचं, अण्णा, म्हणजे माझे वडील, शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, उतारा वाचायचे आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. त्या वेळी चुलीवर कोरड्यास रटरटत असायचं आणि दुरडीत भाकरी असायच्या. त्यामुळे ‘रोजची भाकर’ म्हणताना आम्हा पोरांचं लक्ष कुठं असायचं ते सांगायला नको. पण माझं मत असं आहे की ती प्रार्थना समजायला यापेक्षा चांगली जागा नाही. ज्या कुणी मराठीत तिथं ‘भाकर’ हा शब्द घातला, त्याचे आम्ही शेतकऱ्यांची लेकरं फार उपकार मानतो. ‘अन्न’ म्हटलं असतं तर अर्थ कळला असता, पण पोटात काही हललं नसतं.

मी आठ वर्षांची होते तेव्हा १९७२ चा दुष्काळ पडला. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना अंगावर काटा येईल. विहिरी आटल्या, माणसं पाझर तलावाच्या कामावर, खडी फोडायला गेली. कामावर सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची. त्या पिठाला चिकटा नव्हता. आई काटवटीत कितीही मळायची, तरी थापताना भाकरी कडेनं फुटायची. ती लालसर, खरबरीत भाकर पुढ्यात ठेवून आजी म्हणायची, “आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.” मी एकदा कुरकुरले, “आजी, ही कसली भाकर?” आजीनं मला रागावलं नाही. म्हणाली, “माझ्या आईला ही पण नव्हती.”

आजीची आई दुष्काळातली पोर. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या अनाथ, निराधार मुली आणल्या आणि पुढं केडगावच्या मुक्ती सदनात वाढवल्या, त्यांतली एक. आपलं गाव कुठलं, एवढंही तिला धड आठवत नव्हतं. तेव्हा आमच्या घरी ही प्रार्थना आली ती भुकेच्या वाटेनं आली. म्हणूनच भाकरीचा तुकडा खाली सांडला तर आजी तो उचलून कपाळाला लावायची.

दुष्काळ सरला, आणि दुखणं सुरू झालं ते त्यानंतर. १९७३ साली नानाकाकांनी, म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावानं, विहिरीवर इंजिन बसवायला कर्ज काढलं. अण्णा जामीन राहिले. सख्ख्या भावाला कोण नाही म्हणतं? काकांनी हप्ते भरले नाहीत. त्यांनी तो पैसा नेमका कुठं घातला यावर आमच्या घरात पुष्कळ बोलणं झालं; ते मी इथं उगाळत नाही. एवढंच सांगते की १९७५ साली अण्णांनी आपली बैलजोडी विकून ते कर्ज फेडलं. बैल गेले त्या दिवशी त्यांच्या घुंगुरमाळा अण्णांनी खुंटीला टांगल्या आणि त्या पुढं कित्येक वर्षं तिथंच होत्या. दोन भावांची घरं समोरासमोर, मध्ये फक्त बोळ. पण बोलणं बंद झालं.

त्या दिवसापासून आमच्या प्रार्थनेत एक गोष्ट झाली. ती पहिल्यांदा माझ्या लक्षात आली तेव्हा मी चमकून डोळे उघडले होते. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ इथपर्यंत अण्णांचा भरदार आवाज सगळ्यांच्या वर असायचा. आणि पुढच्या ओळीला तो नसायचा. आजी, आई, आम्ही भावंडं म्हणत राहायचो. अण्णा मान खाली घालून गप्प. मग ‘आणि आम्हांस परीक्षेत आणू नकोस’ला त्यांचा आवाज परत यायचा. रोज. चार वर्षं.

मला तेव्हा वाटायचं, अण्णा हट्टी आहेत. आज वाटतं, त्या चार वर्षांत आमच्या घरातली सगळ्यांत खरी प्रार्थना ती होती. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात ही प्रार्थना शिकवून झाल्यावर येशू तिच्यातल्या एकाच मागणीवर पुन्हा बोलतो. भाकरीवर नाही, राज्यावर नाही, क्षमेवर. तुम्ही माणसांना क्षमा केली नाही तर तुमचा पितादेखील तुम्हाला करणार नाही, इतकं रोखठोक. अण्णांना ते तोंडपाठ होतं. ‘सोडले आहे’ असं म्हणायचं आणि मनात एकेक रुपया मोजत बसायचं, हे त्यांना देवापुढं जमेना. जे केलं नाही ते केलं असं म्हणायचं नाही, म्हणून ते गप्प बसायचे.

आणि आजीनं, स्वतःच्या दोन मुलांत ही फूट पडलेली असताना, त्यांना कधी म्हटलं नाही की म्हण. पाळकसाहेब, म्हणजे आमच्या देवळाचे धर्मगुरू, एकदा घरी आले होते, त्यांनी विषय काढला, तर आजीनं त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि म्हणाली, “साहेब, त्याचं त्याला म्हणू द्या.”

या ठिकाणी मला थोडं थांबायचं आहे. आपल्या मंडळ्यांमधून, आपल्या घरांतूनही, ही ओळ दुसऱ्याच्या तोंडात कोंबायची फार सवय आहे. सासरी छळ सोसणाऱ्या मुलीला सांगतात, क्षमा कर. जिचा वाटा गिळला तिला सांगतात, सोडून दे, तू विश्वासणारी ना? ज्यानं घेतलं त्याला मात्र कुणी काही विचारत नाही. हे चूक आहे. ज्याचं गेलं त्यानं, त्याच्या वेळेला, देवाच्या साक्षीनं सोडायची गोष्ट आहे ती. येशूनं ‘ऋण’ हा शब्द वापरला आहे. म्हणजे येणं खरं होतं, हे आधी मान्य केलेलं आहे. नसलेलं ऋण कुणी सोडत नाही.

मग १९७९ च्या पावसाळ्यात काकीला टायफॉइड झाला. तालुक्याच्या दवाखान्यात तिला ठेवलं, काका तिकडं, आणि घरात तीन पोरं. थोरली दहा वर्षांची. पहिल्या रात्री त्या घरातून धूर निघाला नाही. आई आपल्या भाकरी करत होती. आमच्या पुरत्या झाल्या तरी तिचे हात थांबले नाहीत. आणखी सहा थापल्या, निखाऱ्याला लावून फुगवल्या, वर वाटीभर पिठलं, आणि सगळं एका धुवट फडक्यात बांधून माझ्या हातात दिलं. म्हणाली, “बोळातून जा. कुणी विचारलं तर सांग, आईनं दिल्या.”

मी पंधरा वर्षांची. मला भीती अण्णांची. मी म्हटलं, “अण्णांना विचारलंस?”

आई म्हणाली, “रोज रात्री आपण ‘आम्हांस दे’ म्हणतोय. ‘मला दे’ असं म्हणतोय का?”

त्या प्रार्थनेत ‘मी’ हा शब्द कुठंच नाही, हे मला पुढं मोठेपणी कुणा विद्वानाच्या व्याख्यानात ऐकायला मिळालं. त्या व्याख्यानात असंही कळलं की ‘रोजची’ या शब्दाच्या जागी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो इतका दुर्मीळ आहे की त्याच्या नेमक्या अर्थावर अजून चर्चा चालते. आजच्यापुरती, उद्याची की गरजेपुरती? ते ऐकताना मला आईची ती सहा भाकरींची चवड आठवली.

चार-पाच दिवस झाले. अण्णांनी पिठाचा डबा पाहिला. “पीठ लवकर संपलं?”

“भावजींकडं जातंय,” आई म्हणाली. चुलीकडं तोंड करून, एवढंच.

अण्णा काही बोलले नाहीत. उठून बाहेर गेले. आम्हा पोरांना वाटलं, आता काहीतरी होणार. दुसऱ्या दिवशी दळणाचा वार होता. अण्णा नेहमी एक पायली ज्वारी गिरणीत न्यायचे. त्या दिवशी त्यांनी पोत्यातून दोन पायल्या मोजल्या. मी दारात उभी होते, माझ्याकडं न बघता म्हणाले, “सर की बाजूला.”

श्रोतेहो, इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं अन्न, मिळायचा, त्याची गोष्ट बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आहे. ज्याच्या त्याच्या पोटापुरता, त्या दिवसाचा. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी साठवला त्यांच्या भांड्यात किडे पडले. शब्बाथासाठी, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसासाठी, मात्र आदल्या दिवशी दुप्पट. मी ती गोष्ट लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्या महिन्यात ती मला आमच्या घरात दिसली. अण्णांनी भावाला एका दिवसात क्षमा केली नाही. तेवढी त्यांच्याजवळ नव्हतीच. एका दिवसाच्या भाकरींपुरती होती. तेवढी त्यांनी जाऊ दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. संध्याकाळी ते विचारू लागले, “गेल्या का तिकडच्या भाकरी?” कुणाकडच्या ते नाव घ्यायचे नाहीत.

तीन आठवड्यांनी काकी घरी आली. हाडांचा सापळा झालेली. चार दिवसांनी तिच्या थोरलीनं आमचं फडकं परत आणून दिलं, धुतलेलं, घडी घातलेलं, आणि त्याच्या टोकाला मूठभर भुईमुगाच्या शेंगा बांधलेल्या. आपल्याकडं रिकामं भांडं परत द्यायचं नसतं. आईनं ती गाठ सोडली आणि कितीतरी वेळ त्या शेंगांकडं बघत बसली.

त्या रात्री आम्ही प्रार्थनेला बसलो होतो. दारात सावली पडली. नानाकाका. आत या असं कुणी म्हणालं नाही, जा असंही नाही. ते उंबऱ्याच्या अलीकडं, चपला काढायच्या जागेवर, भिंतीला टेकून खाली बसले. आजीनं गीत मध्ये तोडलं नाही. अण्णांनी उतारा वाचला. मग प्रार्थना सुरू झाली. मी डोळे मिटलेच नाहीत, हे आज कबूल करते. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.’ अण्णांचा आवाज, काकांचा आवाज, दोन्ही. पुढं अण्णा म्हणाले, “आणि.”

एवढंच. ‘आणि’ म्हणाले आणि गळा दाटला. बाकीची ओळ आम्ही बायकापोरांनी पुरी केली.

पुरी ओळ त्यांनी कधी म्हटली, ते मला आठवत नाही. इतक्या सावकाश ती आली असणार की कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पैसे परत आले नाहीत. बैलजोडी पुन्हा घ्यायला अण्णांना आणखी पाच वर्षं लागली. काकांनी त्यांची माफी शब्दांत मागितल्याचं मी ऐकलं नाही, पण अण्णांच्या शेवटच्या आजारात रात्री उशाशी बसायचे ते काकाच.

मी पुष्कळदा त्या ‘आणि’चा विचार करते. आम्ही लहानपणी प्रार्थना पाठ करताना भाकरीपाशी थांबून श्वास घ्यायचो, जणू ती मागणी तिथं संपली. पण शास्त्रात तिथं ‘आणि’ आहे. भाकर दे, आणि ऋण सोड. हे एकाच दमात मागायचं आहे, एकाच ताटावर.

आता माझं सांगते, नाहीतर हे सगळं वडलांच्या पुण्याईवर बोलल्यासारखं होईल. माझी धाकटी जाऊ. माझे यजमान गेले तेव्हा आणि त्याआधीच्या त्यांच्या लांबलेल्या दुखण्यात ती एकदाही आली नाही. त्याला सात वर्षं झाली. मी देवळात ती ओळ म्हणते, सगळ्यांबरोबर, स्पष्ट आवाजात. अण्णांसारखं गप्प बसायचा प्रामाणिकपणाही मी दाखवला नाही. नातीनं “कसं?” विचारलं तेव्हा माझी जीभ अडली, ती म्हणून.

गेल्या महिन्यात जावेच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, असं कानावर आलं. इथून दोन बसथांबे पुढं राहते. तिची मुलं परदेशात आहेत. चुलीपुढं वाकायचं नाही, असं डॉक्टर सांगतात ना, आता चुलीच्या जागी गॅस आला एवढाच फरक.

काल मी ज्वारी दळायला दिली. नेहमीपेक्षा दोन किलो जास्त. गिरणीवाला म्हणाला, “काय मावशी, पाहुणे येणार आहेत का?”