एकट्यानं राहायचं होतं, तिथं वस्ती झाली

श्रोतेहो, नमस्कार.

वर्ध्याहून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम. आश्रमाच्या अंगणात उभं राहिलं की वाटतं, हे सगळं आधी ठरवून वसवलं असणार. तसं मुळीच नाही. 1936 साली गांधीजी इथं आले ते आश्रम काढायला नव्हे. खेड्यात जाऊन एकट्यानं राहायचं, फार तर सोबतीला बा म्हणजे कस्तुरबा, एवढंच त्यांच्या मनात होतं. गावाचं नाव तेव्हा सेगाव. जमनालाल बजाज तिथले मालगुजार, म्हणजे जमीनदार, आणि गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबेन आधीच तिथं राहायला गेलेल्या.

पहिलं घर म्हणजे आदी निवास. गांधीजींची अट अशी की खर्च पाचशे रुपयांच्या वर जाता कामा नये आणि सामान आसपासचंच हवं. माती, बांबू, कौलं. आत एकच मोठी खोली. तिच्यात गांधीजी, बा, गांधीजींचे सचिव प्यारेलाल, पाहुणे आले की खान अब्दुल गफारखान. आपले तुकडोजी महाराजसुद्धा त्याच वर्षी महिनाभर तिथं राहिले. एवढ्या पुरुषमाणसांत बांना आडोसा कुठला? शेवटी जमनालालजींनी शेजारी त्यांच्यासाठी वेगळी कुटी बांधून दिली. ही गोष्ट लोक ओझरती सांगतात, मला मात्र ती फार मोलाची वाटते.

माणसं वाढली तशी टपालही वाढलं, आणि पत्रं गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागली. म्हणून 1940 मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं.

आज आपण जिला बापू कुटी म्हणतो, ती मुळात मीराबेनची. मातीच्या भिंतीवर त्यांनी हातानं उठवलेली ताडाची झाडं अजून आहेत. साप पकडून दूर रानात सोडण्यासाठीचा लाकडी चिमटा आणि पिंजराही तिथं ठेवलेला दिसतो.

आणि मग परचुरेशास्त्री आले. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातली ओळख, पण कुष्ठरोग झालेला. त्या काळी या रोगाचं नाव काढलं तरी घरचे दार लावून घेत. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळच झोपडी बांधून दिली. स्वतःच्या हातानं त्यांच्या जखमा धुतल्या, अंगाला मालीश केलं.

ती परचुरे कुटी आजही उभी आहे. सेवाग्रामला गेलात, तर बापू कुटीतून निघाल्यावर लगेच परतू नका. तिकडेही वळा आणि दोन मिनिटं थांबा.